तिरफळं

बस्त्यावने बर्फाची लादी माझ्या पाटीशेजारी टेकवली
आणि लादीवरचा भुसा झटकावा तसं सहज म्हणाला:
"वयनी, लवू तिकला काय करता गो!
सात तिरफळा, मोजून. ठेचून घालता.
आमी आठव जण बोटा चाटतंव.
आनी मगे टोप घासता तोच,
दुसऱ्याक हात लावूक देणा नाय."

माझ्या हातात सुरमई होती, गिऱ्हाईक समोर.
मी भाव सांगितला,
पन्नास कमीच सांगितले बहुतेक.

सतरा वर्षं.
सतरा वर्षांत या माणसाने
चहाचा कप खिडकीपासून मोरीपर्यंत नेलेला नाही.
मीठ कुठल्या बरणीत असतं विचारलं
तर तो समुद्राकडे बोट दाखवील.
"माका यातला काय कळणा नाय," म्हणायचा
आणि मी ते खरं मानत आले.
वाटायचं, काही हातांना फक्त जाळंच येतं.
आईसुद्धा बाबांबद्दल असंच काही म्हणायची,
भाकऱ्या थापता थापता, जरा कौतुकानेच.

पहाटे चारला सर्जेकोटला लिलाव, मग टेम्पो, मग बाजार.
घरी आलं की सासूचं पथ्याचं.
रात्री अंथरुणात कोपरावर एखादा खवला चमकतो,
तो काढायचाही कंटाळा येतो.

त्या संध्याकाळी मी बांगडे कापले नाहीत.
नारळ फोडला नाही.
वाटीत सात तिरफळं ठेवली, मोजून,
आणि पडवीत जाऊन बसले, पाय सोडून.
नुसतं बसताना हातांचं काय करायचं ते मला येईना.
मांडीवर ठेवले, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे.

सासूने आतून विचारलं, "बरा नाय काय तुका?"
"बरा आसा," म्हटलं.

लवू आंघोळ करून आला.
गॅसकडे बघितलं, माझ्याकडे, वाटीकडे.
वाटीकडे जरा जास्त वेळ.
"बस्त्याव गावलो व्हतो?"
"बर्फ घेवन इल्लो."
मग बराच वेळ फक्त फ्रीजचा आवाज.
मग तो बोलला, भांडण नव्हतं आवाजात,
खरंच मला समजावत होता:
"अगो, ट्रॉलरार करूक दुसरा कोण आसा?"

दुसरं कोण.
रेशनकार्डावर माझं नाव वैजयंती,
बाजारात वैजू,
आणि या घरात मी 'दुसरं कोण'.
एवढी वर्षं हाक मारल्याशिवाय ओ देत होते.

मी काही बोलले नाही.
बोलले असते तर सासू मध्ये पडली असती
आणि शेवटी बांगडे मीच कापले असते.

तो उठला.
आडाळो खंय, कोकमा खंय,
मी बसल्या जागेवरून सांगत गेले,
किनाऱ्यावरून होडीला खडक दाखवतात तसं.
नारळ त्याने एका घावात फोडला.
पोरगी दाराला टेकून बघत राहिली,
पुस्तक हातात तसंच, बोट पानात.

तिकला चांगला झाला.
त्याचाच राग जास्त आला.
आठ माणसांना पुरेल एवढा, आणि आम्ही चौघं.
एवढी चव, सतरा वर्षं, पाण्यावर.
मी दोनदा भात घेतला.

टोप रात्रभर मोरीत राहिला.
पहाटे साडी सावरून मी तो ओलांडला.
भरलेली पाटी डोक्यावर घ्यायला लागत नाही
एवढा जीव त्या एका पावलाला लागला.

दुपारी आले तर टोप पालथा, लखलखीत,
बंदरावर घासतात तसा वाळूने घासलेला.
मोरीच्या जाळीत वाळू, पाणी तुंबलेलं.
तो समुद्रावर गेला होता.

वाळू अजून तिथेच आहे.
पाणी मी बादलीने बाहेर टाकते, जाळीला हात लावत नाही.
ट्रॉलर शनिवारी येईल.